घाटात थांबलेला बिबट्या

चुडामण आबा रुग्णवाहिका चालवायचे तेव्हा गाडी इतकी पळायची की सायरन मागे राहायचा. गाडी धुळ्याला पोचायची, पेशंट आत जायचा, आबा निवांत तंबाखू मळून घ्यायचे, आणि मग कुठे साक्री रस्त्यानं धापा टाकत सायरन यायचा. त्याला पाणी पाजून आबा परत निघायचे.

हे सगळं आबाच सांगत. खरं की खोटं असं विचारायची सोय नव्हती. त्यांच्या गोष्टीला एकच नियम होता: समोरच्यानं हुंकार द्यायचा. आबांनी एक वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्यानं 'हां' म्हणायचं. 'हां' आलं नाही तर गोष्ट जागच्या जागी बसून राहायची, आणि मधेच कुणी तोंड घातलं तर ते दुसऱ्याच्या उभ्या शेतात बैल घालण्याइतकं वाईट. त्या डोंगराच्या अंगाला म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी अशाच ऐकतात. पोरं चालायच्या आधी हुंकार द्यायला शिकतात.

निवृत्त झाल्यावरही आबांना घर करमेना. साक्रीच्या वर, कोंडाईबारीच्या घाटापलीकडे डोंगरातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी कडुनिंबाचा पार होता. सकाळी भाकरी खाल्ली की आबा तिथे. नाडी दाखवायला आलेली माणसं आधी आबांची गोष्ट ऐकत, मग आत जात. काहींचा ताप पारावरच उतरे, असं आबांचं म्हणणं होतं.

थंडीच्या दिवसांत एके सकाळी फाटकाशी जीप थांबली आणि एक बाई पत्र्याची पेटी ओढत उतरली. मोहिनीताई. जळगावच्या मेहरूणच्या. नर्सिंगच्या शिक्षिका. दवाखान्यातल्या लोकांना एकत्र बसवून, एकमेकांकडून शिकायला लावायचं हे त्यांचं काम. फळा नाही, भाषण नाही. खोटा प्रसंग उभा करायचा, सगळ्यांनी खऱ्यासारखं धावायचं, आणि मग गोल बसून काय झालं ते आपणच आपल्याला सांगायचं.

"आज कोणता प्रसंग, ताई?" आबांनी पेटीची दुसरी कडी धरत विचारलं.

"बाळंतपणानंतर रक्त जातं, आबा. ते."

आबांच्या हातातली पेटी थोडी खाली आली. पण ते काही बोलले नाहीत, आणि आबा बोलले नाहीत ही गोष्ट त्या आवारात जीप येण्यापेक्षा मोठी होती.

कारण असं. आबांची नात पुनम आठवा महिना लागल्यावर माहेरी आली होती. तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी याच दवाखान्यात तिचं रक्त थांबेना, आणि धुळ्यापर्यंत गाडी आबांनीच हाणली होती. मागे बेबाबाई सिस्टर तिचं पोट दाबून धरून बसल्या होत्या. घाटभर त्या एकच वाक्य पुटपुटत होत्या, "माले आधीच दिसनं व्हतं, आबा. माले आधीच दिसनं व्हतं." पुनम वाचली, बाळही वाचलं. आबांनी नंतर त्या घाटावर शंभर गोष्टी रचल्या, पण त्या दिवसाची गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. बेबाबाईंना तर ते मनातल्या मनात रोज हात जोडायचे. फक्त एक प्रश्न त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता: आधीच दिसलं होतं, तर बाई बोलली का नाही?

हॉल म्हणजे लसीकरणाची जुनी खोली. तिथला पंखा इतका हळू फिरायचा की एका पात्यावर चिमणीनं घरटं केलं, अंडी घातली, पिलं उडून गेली, तरी एक फेरा पुरा झाला नव्हता. सिस्टर, ब्रदर, आशाताई, सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. मधे डॉक्टर प्रेमराज. माणूस सोन्याचा. हात हुशार, रात्री-अपरात्री उठून येणारा. आवाज मात्र असा की पलीकडच्या डोंगरावर शेळ्या बिचकायच्या. आणि त्यांना समजावून सांगायची भारी हौस. टाके घालतानाही बोलत असायचे, जेवतानाही.

मोहिनीताईंनी पेटी उघडली. पोटावर बांधायची एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात गर्भाशयाच्या जागी फुगा. शेजारी बिटाच्या लाल पाण्याची थैली आणि तिला चिमटा. चिमटा सैल केला की रक्त सुरू, आवळला की बंद. खाली अंथरायची प्लास्टिकची झोळी, तिच्यावर रेघा, म्हणजे किती रक्त गेलं ते दिसावं.

"पेशंट कोण होतंय?" मोहिनीताईंनी विचारलं.

सिस्टर एकमेकींच्या मागे सरकल्या. सरांसमोर टेबलावर आडवं कोण होणार?

"बाळंतीन मी व्हस," दारातून आवाज आला.

चुडामण आबा. डोक्यावर टोपी, ओठावर कानापर्यंत जाणाऱ्या मिशा. हॉलमध्ये हसू पसरलं. हिलाल ब्रदर म्हणाला, "आबा, मिशा झाका, बाळ घाबरी जाई."

"तुन्हा बाप नई घाबरना, बाळ काय घाबरस," आबा म्हणाले आणि टोपी काढून टेबलावर आडवे झाले.

पहिला खेळ सुरू झाला. आबांनी चिमटा सैल केला आणि असं काही कण्हले की बाहेरच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या डोकावून गेल्या. डॉक्टर प्रेमराज पुढे झाले. "हं, आता बघा, बाळंतपणानंतर रक्त जाण्याची मुख्य कारणं कोणती? पहिलं कारण, गर्भाशय सैल पडणं. का पडतं सैल?" आणि त्यांनी सांगायला घेतलं. सुरेख सांगत होते. सगळे माना हलवत होते. "हो सर." "हो सर." "हो सर."

आबा टेबलावरून एकेकाकडे पाहत होते. बेबाबाईंची नजर झोळीकडे गेली, सरांकडे गेली, परत झोळीकडे गेली. हिलालनं त्यांना कोपर मारलं. त्यांनी हिलालला मारलं. पलीकडची आशाताई झोळीकडे बोट करून शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली. सर तिसऱ्या कारणावर आले होते. लाल पाणी शेवटच्या रेघेच्या वर गेलं.

आबा उठून बसले आणि त्यांनी चहा मागवला. "मी मरी गऊ. आते च्या लया."

हशा पिकला. मोहिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि विचारलं, "काय झालं इथं?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"सर सांगतील," हिलाल म्हणाला.

सरांनी सांगितलं. पुष्कळ सांगितलं. मोहिनीताईंनी पुन्हा विचारलं, "रक्त वाढतंय हे कुणाला दिसलं होतं?" बेबाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

दुपारी सगळ्यांनी पारावर भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. सिस्टर हसत होत्या, एकमेकींच्या ताटातला कांदा पळवत होत्या, डॉक्टरांना "सर, मिरची बेतानं" असं बिनधास्त बजावत होत्या. मोहिनीताई जरा बाजूला बसून ते बघत होत्या.

"ताई, जेवण गोड लागत नाही का?" आबांनी विचारलं.

"भरीत फार छान आहे, आबा. पण बघा ना, मिरचीबद्दल बोलतात, रक्ताबद्दल बोलत नाहीत. सगळ्यांना येतं सगळं. हातही चांगले आहेत. फक्त जे दिसतं ते मोठ्यानं म्हणत नाहीत. मी उद्या सकाळी जाणार. हे असंच राहिलं तर माझं येणं म्हणजे तुमचं भरीत खाणं झालं."

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. उद्या सकाळी ताई जाणार. पुढच्या महिन्यात पुनम येणार. टेबल तेच, माणसं तीच, आणि बेबाबाई तेव्हाही पदर गुंडाळत बसणार. मग त्यांना एकदम हसू आलं.

"ताई, त्या लोकास्नी खोड कोनी शे, माहीत शे का? माझी."

"तुमची?"

"हुंकाराची. आयुष्यभर मीच सवय लावली ना पारावर बसून. मोठं माणूस बोलत असलं की 'हां' म्हणायचं, मधे तोंड घालायचं नाही. तुमचे डॉक्टर बोलतात, हे 'हो सर' म्हणतात. तो हुंकारच आहे."

मोहिनीताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाल्या, "जेवण झाल्यावर सरांना पेशंट करू या."

"मंग डॉक्टर कोण?"

"तुम्हीच सांगा."

आबांच्या मिशा हलल्या. "गोष्ट सांगता येईल असा कोणीतरी पाहिजे," ते म्हणाले.

डॉक्टर प्रेमराज पेशंट व्हायला हसत तयार झाले. मोहिनीताईंनी त्यांच्या पोटावर पिशवी बांधली आणि हळू आवाजात सांगितलं, "सर, तुम्ही बेशुद्ध आहात. बोलायचं नाही. तुमच्यासाठी कुणी काही करत नाही, तोवर चिमटा सैलच ठेवायचा."

सर आडवे झाले. आबांनी त्यांचा पांढरा कोट अंगात घातला. तो त्यांना इतका मोठा होता की त्याच्या खिशात त्यांच्या हाताचं कोपर गेलं. चिमटा सैल झाला. लाल धार झोळीत उतरली.

आबांनी सरांच्या कपाळावर हात ठेवला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "अशीच एक बाळंतीण मी कोंडाईबारीच्या घाटातून नेत होतो."

"हां," हिलाल म्हणाला. तोंडातून आपोआप आलं.

"घाटाच्या मधोमध गाडी बंद. धक्का द्यायला माणूस नाही."

"हां, आबा."

"तेवढ्यात झाडीतून बिबट्या आला. हा एवढा. शेपूट ह्या वळणाला, तर तोंड पुढच्या वळणाला."

"हां."

"मी काच खाली केली. म्हटलं, रामराम पाटील. तो म्हणाला, रामराम. म्हटलं, पोरगी अडली आहे, जरा धक्का देता का?"

कुणीतरी फिसकन हसलं. "हां, मंग?"

आबा बोलत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बेबाबाईंकडे बघत होते. बाईंची नजर पुन्हा तशीच येरझारा घालत होती, झोळी, आबा, झोळी. ओठ हलले. मिटले. बिबट्यानं पंजे टेकवले. बिबट्यानं विचारलं, गाडी न्यूट्रलला आहे ना? आबा म्हणाले, आहे. बिबट्या म्हणाला, हँडब्रेक? आबांनी हँडब्रेक काढला. सगळे 'हां' म्हणत होते आणि मधेच एकमेकांच्या कानात कुजबुजत होते. लाल पाणी पहिल्या रेघेवर आलं, दुसरीवर गेलं.

आणि आबांच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. त्यांच्याजवळचं खोटं संपत आलं. बिबट्याला आणखी काय करायला लावावं ते सुचेना. त्यांनी बिबट्याला तंबाखू दिली. त्याची बायको कशी आहे विचारलं. त्याच्या सासरच्यांची चौकशी केली. कपाळावर घाम आला, कोटाची बाही ओली झाली. मनातल्या मनात ते बेबाबाईंना विनवत होते, बोल माय, बोल, माझ्या गोष्टीत बैल घाल, अख्खं खिल्लार घाल.

"बिबट्या म्हणाला," आबांनी गोष्ट रेटली, "चुडामणभाऊ, माझी थोरली पोरगी एरंडोलला दिली आहे..."

"आबा, गप बसा."

बेबाबाई पुढे आल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "तुमी बठ्ठा हां हां करी ऱ्हायनात अन् तठे सायेबनं रगत जाई ऱ्हायनं. हिलाल, सलाईन. सिस्टर, तू इंजेक्शन आण. पोट मी चोळते." आणि त्यांनी आबांना खांद्यानं असं बाजूला सारलं की आबा कोटासकट खिडकीला टेकले.

मग जे हात चालले ते बघण्यासारखे होते. झोळीतली धार बारीक झाली, थांबली. कुणी हसलं नाही. बेबाबाईंना एकदम भान आलं आणि त्या आबांच्या पायाशी वाकू लागल्या. "आबा, माफ करा. मोठ्या माणसाला गप बस म्हटलं मी."

आबांनी त्यांना वाकू दिलं नाही. त्यांचेच डोळे भरून आले होते. कोटाच्या लांब बाहीनं त्यांनी ते पुसले आणि सरांचा कोट खराब केला.

पुन्हा खुर्च्या गोल. मोहिनीताईंनी या वेळी सरांकडे पाहून विचारलं, "सर, तिथून काय ऐकू आलं?"

डॉक्टर प्रेमराज टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते. पोटावर अजून पिशवी बांधलेली.

"छत दिसत होतं," ते म्हणाले. "आणि सगळ्यांचं कुजबुजणं ऐकू येत होतं. झोळी भरली हे एक जण दुसऱ्याला सांगत होता, दुसरा तिसऱ्याला. ज्याला सांगायला हवं त्याला कुणीच नाही. आणि तो बिबट्याचं सांगत होता." त्यांनी पोटावरच्या पिशवीकडे पाहिलं. "मी रोज बिबट्याचं सांगतो का?"

मग हिलाल जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, तुमचा बिबट्या अभ्यासाचा असतो."

सर आधी हसले, मग सगळे हसले. सरांना हसू आवरेना, पोटावरची पिशवी हलून उरलेलं लाल पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. मोहिनीताईंनी फक्त पुढचा प्रश्न विचारला, "मग उद्यापासून काय करायचं?" आणि गप्प बसल्या. त्यांना गप्प बसता येत होतं. त्या खोलीत तेवढ्या एकट्यांनाच.

ठरलं ते त्या लोकांनीच ठरवलं. ज्याला दिसेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं. ज्यानं ऐकलं त्यानं ते परत म्हणायचं, म्हणजे पोचलं हे कळेल. आणि सर समजावून सांगतील, जरूर सांगतील, पण पेशंट स्थिर झाल्यावर, चहाबरोबर. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो खेळ इतक्या वेळा खेळला की आबा मरून मरून दमले आणि शेवटी शेवटी मरेनासेच झाले.

पुढच्या महिन्यात, साक्रीच्या बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी पुनमला आत नेलं. आबा दाराबाहेरच्या बाकावर बसले. शेजारी त्यांची सून, पुनमची आई सुंदरबाई. तिला वाटलं सासरे काहीतरी सांगत बसतील, तेवढाच जिवाला विरंगुळा. पण आबा भिंतीसारखे बसले होते.

बाळ रडलं. सुंदरबाईंनी हात जोडले. आबांनी नाही जोडले. ते कान देऊन बसले होते. मागच्या वेळीही बाळ रडलं होतं, आणि त्यानंतर आत फक्त सरांचा आवाज येत राहिला होता.

आत्ताही सरांचा आवाज आला. "छान. पुनम, मुलगी आहे बरं का. आता बघा, वार पडताना..."

"सर, थांबा." बेबाबाई. "रक्त जास्त जातंय. झोळीत वाढतंय."

अर्ध्या क्षणाची शांतता. त्या अर्ध्या क्षणात आबा अख्खा कोंडाईबारी घाट चढून उतरले.

"रक्त जास्त," सरांचा आवाज आला, आटोपशीर. "ऐकलं. बेबाबाई, पोट चोळा. हिलाल, दुसरं सलाईन."

"दुसरं सलाईन लावतो, सर."

"इंजेक्शन दिलं."

"इंजेक्शन दिलं, ऐकलं."

"गर्भाशय अजून मऊ आहे, सर."

"मऊ आहे. चोळत राहा. मी बघतो, वार पूर्ण आली का."

दाराआड 'हो सर' कुठेच नव्हतं. भांड्यांचा आवाज, पावलं, एकमेकांना उत्तर देणारे आवाज. आबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि सुंदरबाईंनी जवळ जाऊन ऐकलं तर म्हातारा आतल्या प्रत्येक आवाजाला हळूच म्हणत होता, "हां. हां, माय. हां."

मग बेबाबाईंचा आवाज आला, "टणक लागतंय, सर. रक्त थांबलं." आणि थोड्या वेळानं दार उघडून त्याच बाहेर आल्या. घामाघूम. "आबा, दोन्ही बेस शेतस," त्या म्हणाल्या. "गाडी काढायची गरज नाही."

आबांनी हात जोडले, आणि या वेळी मनातल्या मनात नाही. बेबाबाईंनी ते हात धरून खाली केले. मागून डॉक्टर प्रेमराज आले, बाकावर आबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चहा सांगा कुणीतरी. आता मी सविस्तर सांगणार आहे." आणि सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत हुंकार दिला, एकही चुकवला नाही.

मेहरूणला फोन करून आबांनी मोहिनीताईंना सगळं कळवलं. ताईंना वाटलं, यात अर्धं मीठमसाल्याचं असेल. त्यांनी बेबाबाईंना विचारून पाहिलं. एकही शब्द वाढवलेला नव्हता. आबांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं होतं, आणि त्यानंतरही कधी घडलं नाही.

बेबाबाईंना काय द्यावं, याचा आबांनी फार विचार केला. लुगडं घेतलं, ते त्यांनी परत केलं. तुरीचं पोतं पाठवलं, ते त्यांनी आशाताईंत वाटून टाकलं. शेवटी आबांनी त्यांना स्वतःजवळची सगळ्यात मोठी वस्तू दिली. पारावर सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपल्या गोष्टीत मधे तोंड घालायचा हक्क आजपासून एका बेबाबाईला आहे. कधीही, कुठेही. ती गप म्हणाली की आबा गप.

बाई तो हक्क वापरतातही. मोहिनीताई परत आल्या तेव्हा पेटी ठेवून आधी पारावरच बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, त्या बिबट्यानं धक्का दिला की नाही शेवटी?"

आबा खुलले. माणसं जवळ सरकली. गाडी घाटात, हँडब्रेक काढलेला, बिबट्यानं पंजे टेकवलेले. "मग बिबट्यानं दम घेतला," आबा म्हणाले.

"हां," सगळे म्हणाले.

"आणि असा जोर लावला..."

"आबा, गप बसा," ओपीडीच्या खिडकीतून बेबाबाई म्हणाल्या. "लोकांचे नंबर चुकतात."

आबांनी मान डोलावली, टोपी सारखी केली आणि आनंदानं गप्प बसले. बिबट्या अजून कोंडाईबारीच्या घाटात गाडीला पंजे टेकवून उभा आहे.